अक्काचा वाटा

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सगुणा सातवेकरचं नाव घेतलं आणि पुढच्या बाकावर बसलेल्या तिच्या भावाला, शांतवनला, दरदरून घाम फुटला. सन दोन हजार पाचातला उन्हाळा होता, त्यामुळे घामाचं कुणाला नवल वाटलं नाही.

पाळकसाहेब नवे होते, सांगलीकडून बदलून आलेले. उपदेशाचा विषय होता समाधान. उदाहरणासाठी लांब कशाला जायचं, ते म्हणाले, आपल्याच मंडळीत बघा. वडिलांची राजारामपुरीतली जागा. त्यात या बहिणीचा कायद्यानं बरोबरीचा वाटा. तो तिनं भावाला आनंदानं सोडून दिला आणि आज उचगावात दोन खोल्यांत भाड्यानं राहून देवाची स्तुती करते. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. बायकांच्या बाजूला, शेवटून तिसऱ्या बाकावर सगुणाबाई कुणाच्या तरी पोराचं नाक पुसत होत्या. आपलं नाव निघालंय हे शेजारणीनं कोपर मारून सांगितलं तेव्हा त्यांना कळलं, आणि त्यांनी ‘आता हे काय काढलं’ असा चेहरा केला.

पाळकसाहेबांनी पुढं आणखी एक वाक्य टाकलं. अशा बहिणीला भाऊही तसाच देवभीरू लाभला, आपल्या मंडळीतला पंच. उपासना सुटल्यावर चौघा-पाचांनी शांतवनचा हात हातात घेऊन दाबला. ज्याच्या मनात चोर लपलाय त्यालाच लोकांनी हार घालावा, तसं त्याचं झालं.

कारण वाटा सोडला होता हे खरं, आनंदानं सोडला होता हेही बहुतेक खरं. तो कसा सोडवून घेतला, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांचे वडील, म्हणजे आबा, पिराजी मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवत. राजारामपुरी गावाबाहेर समजली जात होती त्या काळात त्यांनी तिथं जागा घेतली आणि तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. आई लवकर गेली. सगुणा थोरली, तेव्हा चुलीची मालकी तिच्याकडं आली. पुढं ती मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली, आणि शांतवनचं कॉलेज तिच्या पगारावर झालं. स्थळं आली तशी ड्यूटीचं निमित्त सांगून तिनं परत पाठवली. खरं कारण असं, की आबांच्या आणि शांतूच्या जेवणाचं काय, हा प्रश्न तिला सुटत नव्हता. तो सुटला, म्हणजे शांतूचं मनोरमेशी लग्न झालं, तोवर स्थळं यायची बंद झाली होती.

सगुणाबाई म्हटल्यावर कुणी मवाळ, खालमानेची बाई डोळ्यांसमोर आणील तर फसेल. आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा पेशंट उठून बसे. डॉक्टरलाही ‘साहेब, हात धुतला का?’ असं सगळ्यांदेखत विचारी. चहा तिला कडक लागे, आणि मटणाचा रस्सा झणझणीत नसला तर स्वयंपाकिणीची खैर नसे. पण वस्तू तिच्याजवळ टिकत नसे. नाताळात घेतलेली साडी पुढच्या नाताळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या अंगावर दिसायची. चंदगडकडून एस्टीनं येणारी माणसं, पेशंटबरोबर आलेली आणि गावात कुणाची ओळख नसलेली, तिच्या क्वार्टरच्या पडवीत झोपायची, तिच्या स्टोव्हवर भात शिजवायची. बाई, तुमचं कसं भागतं, असं कुणी विचारलं की ती म्हणे, “भागतंय की.” त्यात कुठं त्यागाचा वास नसे. खरंच भागत होतं.

आबा वारले ते एक्याण्णव साली. महिना झाला नाही तोच एक बिल्डर घरी येऊन बसला. जुनं घर पाडायचं, मजले चढवायचे, सातवेकरांना त्यातले तीन फ्लॅट आणि रस्त्यावरचं एक दुकान. शांतवनला तेव्हा बँकेत नुकतंच प्रमोशन मिळालं होतं, आणि त्याबरोबर माणसाला जे वाटायला लागतं ते वाटायला लागलं होतं. अडचण एकच. ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हिस्सा, असा कायदा. निम्मं अक्काचं होतं.

मनोरमा म्हणाली, “अक्कांना सरळ विचारा. त्या नाही म्हणायच्या नाहीत.”

शांतवनला विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं तर ती ‘दे माझं निम्मं’ म्हणण्याचा धोका होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ती आनंदानं देईल, आणि आपण मागितलं हे आयुष्यभर उरेल. म्हणून त्यानं जे केलं ते शास्त्र वाचणाऱ्या घरातल्या माणसालाच सुचलं असतं.

आबांच्या आठवणीची प्रार्थना ठेवली होती, घरच्या घरी, तिघांचीच. वाचन शांतवनकडं. त्यानं पवित्र शास्त्रातल्या पौलाच्या पत्रातला तो भाग काढला, पोटाला अन्न आणि अंगाला कपडा असला की माणसानं तेवढ्यात समाधान मानावं, अशा अर्थाचा. वाचलाही छान. मग समजावून सांगितला. आबा कसे साधे राहिले, जगातून जाताना त्यांच्या हातात काय होतं, ऐहिक गोष्टीत कसा जीव अडकतो. सांगता सांगता त्याचा गळा दाटून आला, आणि ते नाटक नव्हतं; हेच तर पुढं त्याला छळणार होतं. मग त्यानं प्रार्थना केली, आम्हां भावंडांना मिळकतीच्या मोहातून सोडव. आमेन झालं. आणि डोळे पुसून त्यानं कपाटातून हक्कसोडपत्र काढलं.

आमेननंतर लगेच कुणी घासाघीस करत नाही. मास्तरांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पक्कं माहीत होतं.

सगुणानं कागद वाचला, सावकाश, औषधाची बाटली वाचावी तसा. मनोरमा उठून आत गेली. सगुणानं एकच विचारलं, “रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडाय लागतंय. मग मी कुठं राहू?”

“हे काय विचारणं झालं, अक्का? तुझंच घर की.”

दुसऱ्या दिवशी तिनं रजिस्ट्रारच्या कचेरीत सही केली, आणि दुपारच्या ड्यूटीला वेळेवर हजर झाली.

शहाण्णव साली ती रिटायर झाली. दवाखान्यात निरोपसमारंभ झाला, शांतवननं सगळ्यांसमक्ष बहिणीला शाल पांघरली. क्वार्टरमध्ये तिची ट्रंक बांधून तयार होती. तिनं विचारलं, “मग कधी येऊ?” शांतवन म्हणाला, पोराची, सूरजची, बारावी आहे, वरच्या फ्लॅटात त्याला शांतता लागते. मधला भाड्यानं गेलाय. खालच्यात क्लासवाला बसलाय, त्याचं करारपत्र संपू दे. दोन महिने कळ काढ. हे सगळं खरं होतं. तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, “राहू दे. भागतंय की.” उचगावात तिच्या ओळखीच्या एका नर्सनं दोन खोल्या मिळवून दिल्या. ट्रंक तिकडं गेली. शांतवनचा जीव भांड्यात पडला, आणि पडला म्हणून त्याला स्वतःची किळस आली. दोन महिन्यांची पुढं नऊ वर्षं झाली.

तो जायचा तिच्याकडं, नाही असं नाही. सणावाराला फळं घेऊन जायचा. पण दारातच. ती म्हणायची, जेवून जा. मग कधी त्याची शुगर आडवी यायची, कधी ॲसिडिटी, कधी पंचांची मीटिंग. खरी गोष्ट अशी, की तिच्या घरचा घास आपल्या घशाखाली उतरणार नाही, अशी त्याला खात्री होती. इकडं राजारामपुरीत पाव्हणे घर बघून म्हणत, साहेब, देवानं आशीर्वादित केलंय. तो मान हलवायचा. प्रार्थनेत बाकी सगळ्या पापांची क्षमा तो नावानिशी मागे. हे एक पाप आलं की ‘कळत नकळत घडलेल्या’ या शब्दांत गुंडाळून पुढं सरके.

आणि आता पाळकसाहेबांनी त्याला भर उपासनेत देवभीरू ठरवला होता.

घरी येऊन तो जेवला नाही. कपडेही न बदलता त्यानं स्कूटर काढली. क्लासवाला गेल्याच महिन्यात मोठ्या जागेत गेला होता, खालचा फ्लॅट रिकामा होता. तो अक्काला द्यायचा. नावावर करून द्यायचा. उचगावपर्यंत त्यानं वाक्यं जुळवली, आणि जसजसं गाव जवळ आलं तसतसं त्याला हलकं वाटू लागलं. का हलकं वाटतंय, हे मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही.

अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं आणि आत हाक मारली, “बाई, पावणं आल्यात.” ही धोंडुबाई, चंदगडच्या बाजूची. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं होतं, आणि ती आठवडाभर इथंच उतरली होती. सगुणाबाई चुलीपाशी कांदा चिरत होत्या. सत्तरीकडं झुकल्या होत्या, केस सगळे पिकले होते, हात मात्र अजून वॉर्डातल्यासारखा भरभर चालत होता.

“बस. त्या पाळकाला काय झालंतं रे आज? माझं नाव कशाला मधी?”

शांतवन पत्र्याच्या खुर्चीवर बसला. धोंडुबाई चहा टाकते म्हणाली, तर तो नको म्हणाला. मग जुळवलेली वाक्यं सगळी विसरून म्हणाला, “अक्का, खालचा फ्लॅट मोकळा झालाय. तुझ्या नावावर करावा म्हणतोय.”

“क्लास हुता तो?”

“व्हय.”

सगुणाबाईंनी कांदा पातेल्यात लोटला. “बरं. दे.”

शांतवनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “दे?”

“दे की. तू देतो म्हणतोयस न्हवं? जिना न्हाई, दार रस्त्यावर हाय. हिच्यासारखी माणसं दवाखान्यातनं चालत येतील. हितं यायचं म्हणजे वडापच्या जीपात लोंबकळत याय लागतंय त्यांना.” त्यांनी हात पदराला पुसला आणि पुढं केला. “किल्ली?”

शांतवनचा हात खिशात गेला. खिशात रुमाल होता आणि स्कूटरची किल्ली होती. फ्लॅटची किल्ली घरी कपाटात होती, आणि निघताना ती घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो हात खिशातच राहिला. बहिणीचा हात मात्र तसाच पुढं होता, अजून ओलसर, कांद्याचा वास येणारा.

“गडबडीत निघालो,” तो म्हणाला.

“गडबडीत न्हाई, शांतू.” तिनं हात मागं घेतला. आवाज चढला नव्हता, आणि तिचा आवाज चढत नाही तेव्हा भ्यावं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. “मी नको म्हणणार म्हणून आलायस. जन्मभर नकोच म्हणत आले की मी. एकदा आणि म्हटलं असतं, की तू मोकळा.”

शांतवनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धोंडुबाई सूप घेऊन हळूच मागच्या दारी गेली. “अक्का, मी तुला फसवलं,” तो म्हणाला. चौदा वर्षं गळ्यात अडकलेलं वाक्य शेवटी बाहेर आलं होतं, आणि ते ऐकून अक्का रडेल, निदान पाठीवरून हात फिरवील, असं त्याला कुठंतरी वाटत होतं.

“फसवलं कुठं?” ती म्हणाली. “निम्मं माझं हाय हे मला आबांनीच सांगितलंतं. वाचता येतंय मला. मागितलं असतंस तर हसत दिलं असतं. तुला पोरगं, संसार. मी एकटी त्या जागंचं काय करणार हुते? जागेचं मला तेव्हाबी काय वाटलं न्हाई, आताबी न्हाई.”

ती पाटावर बसली. गुडघा धरून, हळू.

“पण तू मागितलं न्हाईस. तू शास्त्र उघडलंस. ते वचन माझं हुतं, शांतू. आई गेली तेव्हापासनं माझं हुतं. पेशंट मेला, पगार झाला न्हाई, एखादं स्थळ परत गेलं, मी ते पान उघडायची आणि मला पुरायचं. लोकास्नी वाटतंय हिला देवानं असंच केलंय, हिला काय लागतच न्हाई. लागायचं की. त्या पानावर भागवलंय मी. आणि तू तेच वाचलंस, आणि खालनं कागद काढलास. त्यानंतर किती वरसं मला ते पान उघडता येईना. उघडलं की तुझाच आवाज यायचा. जागा गेली म्हणून मी कधी रडले न्हाई. त्याच्यासाठी रडले.”

इतकी वर्षं शांतवन ज्या चोरीसाठी झुरला ती चोरी तिच्या लेखी चोरीच नव्हती. आणि जी खरी होती, तिचा त्याला पत्ताही नव्हता. फ्लॅट परत करता येतो. हे कसं परत करायचं?

“आता येतंय का वाचाय?” त्यानं खालच्या मानेनं विचारलं.

“आता येतंय. लई दिवस गेलं.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मला वाचून दाखवलंस ते. तू कधी वाचलंस का?”

तो उठला. “किल्ली घेऊन येतो,” म्हणाला. ती म्हणाली, “ये. रस्सा हुईस्तोवर ये.”

घरी मनोरमा दारातच होती. रस्ताभर त्यानं मनात तिच्याशी भांडण केलं होतं, ती काय काय म्हणेल आणि आपण काय उत्तर देऊ. तिनं सगळं ऐकलं, कपाटातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “मी तेव्हाच म्हटलं होतं, विचारा म्हणून.” भांडणाचा तेवढा आडोसाही गेला. किल्ली हातात घेतल्यावर क्लासवाला किती भाडं द्यायचा, हे त्याला आठवलं. नको असताना आठवलं. स्कूटरला किक मारेपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

तो परत आला तेव्हा रस्सा उकळत होता. त्यानं किल्ली पुढं केली. कागद उद्याच करतो, वकिलाशी बोलतो, असं काहीबाही बोलला. सगुणाबाईंचे हात भाकरीच्या पिठात होते. “धोंडुबाई, ती फळीवर ठेव गं,” त्या म्हणाल्या, आणि धोंडुबाईनं ती किल्ली मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली.

“बस आता. हात धुतलास का?”

त्यानं हात धुतले. यावेळी त्याला शुगर आठवली नाही. तिघांची ताटं झाली, तांबडा रस्सा, भाकरी, धोंडुबाईनं गावाहून आणलेल्या तांदळाचा भात. सगुणाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. शांतवननंही मिटले. अक्काची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे सगळा दिवस देवाला नावानिशी ऐकवायची तिची रीत, रस्सा गार झाला तरी चालेल.

तिनं धोंडुबाईच्या भाताबद्दल आभार मानले. चंदगडात यंदा पीक बरं आलं त्याबद्दल मानले. धोंडुबाईच्या मालकाचे टाके सुकत आलेत, त्याला आज पेज पचली, त्याबद्दल मानले. शेजारच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, त्याबद्दल. गुडघा आज कमी दुखला, त्याबद्दल. शांतवन डोळे मिटून वाट बघत होता. आता येईल, आता येईल. चौदा वर्षं ज्याच्या ओझ्याखाली तो नीट झोपला नव्हता त्याचं नाव आता निघेल, आणि मग आपल्याला मान वर करता येईल.

“आणि माझा भाऊ आज माझ्या घरी जेवाय बसलाय,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि तिथं त्यांचा तो वॉर्डभर ऐकू जाणारा आवाज जरा कापला. “त्याबद्दल, बापा, तुझे लई लई आभार. आमेन.”

“आमेन,” धोंडुबाई म्हणाली. ती हिंदू होती, पण आठवड्यात सवय झाली होती.

शांतवनला डोळे उघडायला वेळ लागला. प्रार्थना संपली होती. फ्लॅटचं नाव त्यात आलंच नव्हतं.